हळदीच्या रंगाची हेराल्ड

आधी माफी मागतो. शंभूकाकांवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. त्यांच्या घरी मी दोन वर्षं भाड्याने राहिलो, एवढाच माझा संबंध. त्यांना जन्मभर ओळखणारी माणसं काशीत आहेत आणि त्यांतली कित्येक माझ्यापेक्षा चांगलं मराठी लिहितात. पण त्यांच्यातलं कोणी लिहील असं वाटत नाही. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. वडील यवतमाळजवळ एका जिनिंगमध्ये हमाल आहेत. लिहायला बसलो की मागून येऊन कोणीतरी ‘तुला कोणी सांगितलं होतं?’ असं विचारेल, ही भीती अजून जात नाही. काकांना ती एकदा सांगितली होती. ते म्हणाले, “मग विचारणाऱ्याचं नाव लिहून ठेव. पुढे कामी येईल.” म्हणून लिहितो.

एम.ए.साठी मला काशीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, वसतिगृहात मिळाला नाही. मंगला गौरीच्या देवळाजवळ मराठी घरं आहेत, तिथे खोली मिळेल, असं ऑफिसातल्या एका कारकुनाने सांगितलं. पहिल्या घरी पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. खोली कालच दिल्याचं कळलं. दुसऱ्या घरीही पूर्ण नाव विचारलं. तिथली खोली त्याच दिवशी सकाळी गेली होती. तिसऱ्या घराचं दार सताड उघडं होतं. आत चौक होता, आणि चौकात एक मोटार होती. खरं तर अर्धी. पुढचा भाग एकीकडे, मागचा भाग दुसरीकडे, बॉनेट तुळशीला टेकवून ठेवलेलं, आणि मधे लाकडी ओंडक्यांवर गाडीचा उघडा सांगाडा. त्याखालून पंचा नेसलेले दोन पाय बाहेर आले होते.

मी म्हटलं, “खोली आहे असं कळलं.”

सांगाड्याखालून आवाज आला, “गाडीत बसशील?”

“कोणत्या?”

“या.”

त्या गाडीला सीट नव्हती, दारं नव्हती, चाकंही नव्हती. मी म्हटलं, “चालली तर बसेन.”

“चालणार. बंद आहे, मेली नाही. वर जाऊन खोली बघ. पंखा आवाज करतो.”

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “अहो, नाव तरी विचारा त्याचं.”

“नाव त्याच्यापाशी आहे ना? मग झालं.” असं म्हणत काका बाहेर आले. साठी ओलांडलेले, किडकिडीत, कपाळावर भस्म आणि भस्मावर ग्रीस. जानवं कानावर अडकवलेलं होतं. ते सोवळ्यासाठी नव्हतं. गाडीखाली शिरताना जानवं नटात अडकायचं, म्हणून.

काका काय करत ते मला आठवडाभराने कळलं. माणूस गेल्यावर दहाव्या-अकराव्या दिवसाचे विधी ते करत. घाटावर पिंड, मग घरच्यांनी दिलेलं दान घ्यायचं. अकराव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू देतात. पलंग, अंथरूण, छत्री, चपला, भांडी. त्या घेणाऱ्या ब्राह्मणाला लोक वाकून नमस्कार करतात आणि मग वर्षभर टाळतात. लग्नाला बोलावत नाहीत, सकाळी समोर आला तर रस्ता बदलतात. दूधवाले, पानवाले त्यांना ‘संभू गुरु’ म्हणत. मराठी घरांत मात्र त्यांचा उल्लेख ‘ते अकराव्याचे’ असा व्हायचा. मला या गोष्टीचं नवल वाटायला हवं होतं की नव्हतं, ते अजून ठरवता येत नाही. ज्यांनी मला खोली दिली नव्हती, तेच हे लोक.

गाडी त्यांना अशीच मिळाली होती. एक मराठी डॉक्टर काशीत स्थायिक झाले होते, त्यांच्याकडे हेराल्ड होती. साठीच्या दशकातली, दोन दारांची, राखाडी रंगाची. डॉक्टर गेले. अकराव्याला मुलाने दानाचा पलंग मांडला, त्यावर गादी, उशी, चादर, आणि उशीखाली गाडीची किल्ली. मुलगा परदेशात राहायचा, त्याला गाडी नकोच होती. कागदही त्याने लगेच काकांच्या नावावर करून दिले. घाटावर तो विनोद वर्षभर चालला, “का गुरु, अब मुर्दा मोटर भी देवे लगल?”

काकू मला हे सांगताना हसल्या नाहीत. गौरी, त्यांची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होती. काका गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी, मैदागिनच्या रस्त्यावर आले, तेव्हा काकू आरतीचं ताट घेऊन गेल्या होत्या. तिथे मराठी मंडळाच्या चारपाच बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, “शैलाताई, मेलेल्या माणसाच्या गाडीला ओवाळताय?” बस्, एवढंच. पण त्या वर्षीच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

“पलंग घरात आला तर कोणाला दिसत नाही रे,” काकू म्हणाल्या. “गाडी दिसते.”

त्या दिवशी काकूंनी शपथ घातली नाही, की त्या भांडल्या नाहीत. त्या गाडीत मी बसणार नाही, एवढंच म्हणाल्या. काकांनी दोन महिने गाडी एकट्याने चालवली, शेजारची सीट रिकामी ठेवून, आणि मग एका ओळखीच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. ती पंचवीस वर्षं तिथेच राहिली.

मग शेड पाडायची ठरली. भंगारवाला आला, त्याने चाकाला लाथ मारली आणि विचारलं, “किसकी है?” काकांच्या तोंडून निघून गेलं, “एक डॉक्टर थे, गुज़र गए।” हे काका स्वतः सांगायचे, आणि इथे आले की दरवेळी थांबायचे. “पंचवीस वर्षं कागदावर माझं नाव, आणि मी काय सांगतो तर मेलेल्याची आहे. मलाच माझी लाज वाटली. त्याला म्हटलं, मेरी है। पैर हटाओ।”

पण न्यायची कुठे? आमच्या गल्लीत दोन माणसं आणि एक गाय एका वेळी जात नाहीत. तेव्हा इद्रीस मिस्त्रींनी तोडगा काढला. हे सत्तरीचे, मैदागिनला त्यांचं गॅरेज, जुन्या गाड्यांचे जाणकार. हेराल्डची बॉडी एकसंध नसते, तुकड्यांत असते, आणि ते तुकडे सांगाड्यावर बोल्टने बसवलेले असतात, हे त्यांना ठाऊक होतं. “खोल के ले जाओ गुरु, जइसे खटिया ले जात हउआ।” काकांनी गाडी सुटी केली आणि खांद्यांवरून घरी आणली. सगळी गल्ली विचारायची, आत तर आणली, बाहेर कशी काढणार? काका म्हणत, “आत आली ना? दार तेच आहे.”

काकांची काम करायची रीत त्यांच्या पूजेची होती. त्यांना ती एकच येत होती. खोललेले नट-बोल्ट ते पळसाच्या द्रोणांत ठेवत, एका भागाचे एका द्रोणात, वर दुसरं पान झाकून, मौलीच्या लाल धाग्याने बांधून. मोठ्या भागांवर खडूने दिशा लिहीत. पूजेत कलश मांडताना आठ दिशा असतात, तशा. गाडी शेडमध्ये पूर्वेला तोंड करून उभी होती, म्हणून पुढचा उजवा दिवा ‘आग्नेय’ आणि मागचा डावा ‘वायव्य’. इद्रीस मिस्त्री कपाळावर हात मारत. “ई आगनेय कौन साइड पड़ेला, गुरु? लेफ्ट बोला कि राइट बोला!” काका म्हणत, “लेफ्ट-राइट आदमी घूमे तो बदल जाता है। आग्नेय नहीं बदलता।”

कोणतीही वस्तू हातात आली की आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायची, ही दुसरी सवय. चहाचं कुल्हड वाजवत, कार्ब्युरेटर वाजवत. मडकं फुटकं आहे का ते कळावं म्हणून घाटावर लागलेली सवय असावी. घाटावरून आले की आंघोळ, आंघोळ झाली की गाडीखाली, आणि तिथून निघाले की पुन्हा आंघोळ. “दोन्हीकडे सुतक,” म्हणत, “एकीकडचं साबणाने जात नाही.”

द्रोणांचा घोटाळा पितृपक्षात झाला. त्या पंधरा दिवसांत घर यजमानांनी भरलेलं असे. इंदूरहून एक गृहस्थ आले होते, फार सज्जन, काम करायला उत्सुक. काकांनी त्यांच्या वडिलांचे पिंड चौकातच करवले आणि शेवटी सांगितलं, “हे द्रोण-पत्रावळी घेऊन पंचगंगा घाटावर जा आणि गंगेत सोडा.” ते गेले. परत आले तेव्हा घामाघूम झालेले. “फार जड होते हो काही द्रोण. मला वाटलं, दक्षिणा असेल आत.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. गिअरबॉक्सच्या बोल्टांचे पाच द्रोण तिथे नव्हते.

मी खोलीच्या कठड्यावरून बघत होतो. आता काका त्या माणसाला काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. ते बोल्ट जुन्या इंची मापाचे, बाजारात मिळत नाहीत, हे मलाही तोवर कळलं होतं. काकांनी त्यांना पाणी दिलं, टॉवेल दिला आणि विचारलं, “कोणत्या पायरीवरून सोडले?”

पंचगंगा घाटावर रामधनी नावाचा मल्लाह, म्हणजे नावाडी, होता. लांब दोरीला मोठं लोहचुंबक बांधून तो पाण्यात सोडायचा आणि लोकांनी गंगेला वाहिलेली नाणी काढायचा. पाणी तेव्हा चढलेलं होतं, वरच्या पायऱ्याही बुडलेल्या. काका घाटावर बसले, रामधनीने चुंबक सोडलं. नाणी आली, एक त्रिशूळ आला, कुलपं आली, घोड्याची नाल आली. मग एक बोल्ट. काकांनी तो कपाळाला लावला. दोन दिवसांत एक सोडून सगळे मिळाले. घाटावरचे पुरोहित वरून बघत होते. एक म्हणाला, “संभू गुरु, पुरखन के मोटर पहुँचावत रहला का?” म्हणजे, पितरांना मोटार पोचवत होता का. काका ओल्या हातांनीच म्हणाले, “पुरखन के नाहीं, आपन निकालत हई। तोहरो कुछ गिरल हो त बतावा।”

न मिळालेला बोल्ट इद्रीस मिस्त्रींनी लेथवर करून दिला. “एक गंगेला राहिला,” काका म्हणाले, “तिचाही हक्क आहे.” हे काकूंनी ऐकलं. त्या डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे सगळ्यांना वाटा मिळाला.”

काकूंबद्दल मी नीट लिहू शकणार नाही. त्या कमी बोलत. काका मात्र त्यांच्याशी गाडीबद्दल सारखे बोलत, आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी तो एकच प्रश्न असे, न विचारलेला. एकदा विचारलाही. सीटची कव्हरं शिवायची होती, रेक्झिन आणलं होतं. काकूंनी चौकात मशीन मांडलं आणि दोन दिवस बसून ती जाड शिलाई केली, बोटाला सुई टोचेपर्यंत. काका हळूच म्हणाले, “मग? पुढची डावी सीट तुझ्या मापाची केलीस की काय?”

“शिवते म्हणजे बसते असं नाही,” काकू म्हणाल्या. “माझं सोडा. गौरीची जुळत आलेली दोन स्थळं तुमच्या धंद्यापायी मोडली. तिसरं गाडीपायी मोडायला नको.”

गौरी तेव्हा सत्तावीस वर्षांची, शाळेत शिकवायची. ती वरून ओरडली, “आई, ज्याला गाडी चालत नाही ना, त्याला मैं भी नहीं चलेगी. सांगून टाक सरळ.”

काका बराच वेळ हसत होते. काकू हसल्या नाहीत, पण मशीन पुन्हा चालू झालं.

रंग कोणता द्यायचा, यावर गॅरेजमध्ये मतं खूप होती. काका घरातून हळकुंड घेऊन गेले आणि म्हणाले, हा. “हल्दी?” मिस्त्रींनी विचारलं. “हल्दी,” काका म्हणाले. “आमच्या घरी हळदीकुंकू येत नाही ना? मग आम्हीच हळद रस्त्यावर नेतो.”

त्यासाठी आधी गाडी घराबाहेर निघायची होती. ती निघाली त्या सकाळी मी कॉलेजला गेलो नाही. घाटावरची आठ माणसं आली, रामधनीही होता. सांगाडा लांबलचक, खांद्यावर घेतला तेव्हा तो कशासारखा दिसला ते सांगायला नको. ही गल्ली मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे जाते. खांद्यावरून काय जातं, याची इथल्या लोकांना सवय आहे. दोन्ही बाजूंची माणसं भिंतीला चिकटली, एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. कोणीतरी टारगट गच्चीवरून ओरडला, “राम नाम सत्य है!”

काका पुढे चालत होते. ते थांबले, वर पाहिलं आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “ज़िंदा है! जगह दो, ज़िंदा है!”

खांदेकऱ्यांनी ते उचललं. देवळाच्या वळणावर सांगाडा आडवा करावा लागला, एका गाईला विनवण्या कराव्या लागल्या, पण सगळी वाट तेच ओरडणं चाललं होतं. मागून दोन माणसांच्या डोक्यावर बॉनेट होतं, छत्रासारखं. मी दार नेलं. त्यावर ‘उत्तर’ लिहिलेलं होतं.

त्या दिशांमुळे पुढे फजिती झालीच. गॅरेजमध्ये गाडी पश्चिमेला तोंड करून उभी केली. काका घाटावर गेलेले असताना मिस्त्रींनी त्यांच्या खडूवर भरवसा ठेवून काम केलं, आणि संध्याकाळी पाहिलं तर डावीकडच्या बिजागऱ्या उजवीकडे लागलेल्या. मिस्त्रींनी चार माणसं बोलावली, सांगाडा उचलून पूर्वेकडे वळवला आणि म्हणाले, “ले गुरु। अब तोहार भगवान अउर हमार पाना एक्के ओर।”

कागदांची लढाई वेगळी. इतक्या जुन्या गाडीला तपासणीत पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. परिवहन कार्यालयाच्या मैदानात काका गाडी घेऊन उभे राहिले. आजूबाजूला सगळे ट्रक आणि शाळेच्या बसगाड्या. निरीक्षकाने ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवून बघितला. मग गाडीचं नोंदणीपुस्तक उघडलं. “इसमें तो ग्रे लिखा है। ये क्या है?”

“हल्दी,” काका म्हणाले.

“पंडितजी, बारात में ले जाइएगा क्या? रंग बदलवाइए कागज़ पर, फिर आइए।”

चूक काकांचीच होती. आधी अर्ज करायला हवा होता, आणि ते त्यांनी मान्यही केलं. परत येताना मला वाटलं, आता ते खचतील. मी धीर करून म्हटलं, “काका, राखाडी रंग दिला तर लगेच काम होईल.” ते थांबले. माझ्यावर रागावलेले मी त्यांना तेवढंच पाहिलं. “तू नाव बदललंस का खोलीसाठी?”

आमच्यात त्या विषयावर झालेलं ते एकच बोलणं. अर्ज मी लिहिला, माझं अक्षर बरं आहे म्हणून. सहा आठवड्यांनी कागदावर रंग बदलला आणि गाडी पास झाली.

पहिल्या फेरीला काकू गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी उभ्या होत्या तिथेच. ताट मात्र आणलं नव्हतं. काकांनी डावीकडचं दार उघडून धरलं. मागे रिक्षा अडल्या, घंट्या वाजायला लागल्या. काकूंनी मान हलवली आणि त्या परत फिरल्या. काकांनी दार हळू लावलं. मग मला म्हणाले, “बस. वचन दिलं होतंस.”

मी पुढे बसायला गेलो तेव्हा त्यांनी ती सीट दुमडून मला मागे बसायला सांगितलं. पुढची डावी रिकामीच राहायची. गौरी बसली तरी मागे. ती त्याच गाडीवर चालवायला शिकली, तेव्हा काका स्वतःदेखील मागून सूचना करत. “अरे बाबा, पुढे बसा ना, ब्रेक कसा दिसणार तुम्हाला?” ती चिडायची. “मला ऐकू येतो,” ते म्हणायचे.

गणपतीत काकांनी मंडळाला निरोप पाठवला, मूर्ती आणायला गाडी आहे. मंडळाचे अध्यक्ष मनोहरपंत. त्यांची सून स्नेहा निरोपाचं उत्तर घेऊन दाराशी आली. नव्याने लग्न होऊन आलेली, पुण्याची. आमच्या गल्लीतली सगळी बोलावणी तीच करायची आणि या दारावरून पुढे जायची. ती म्हणाली, “बाबांनी सांगितलंय, टेम्पो ठरलाय.” बोलताना ती पायांकडे बघत होती. मग उगाच म्हणाली, “रंग छान आहे काका.”

“बसून बघ कधी,” काका म्हणाले.

ती पुढच्या घराकडे गेली. मूर्ती टेम्पोतून आली. टेम्पोच्या मागे, ढोल वाजवणाऱ्यांच्याही मागे, झेंडूच्या माळा घातलेली हळदी रंगाची रिकामी हेराल्ड अगदी हळू चालली होती. मनोहरपंत दोनदा मागे येऊन म्हणाले, “शंभू, कशाला?” काका म्हणाले, “रस्ता सरकारचा आहे. तुमची मिरवणूक पुढे, माझी मागे.”

माझं एम.ए. संपलं. नागपूरला बी.एड.ला प्रवेश मिळाला. काका मला स्टेशनवर सोडायला आले. स्टेशनसमोर, सगळ्या रिक्षा-टेम्पोंच्या मधोमध, हेराल्ड बंद पडली. मागे हॉर्नचा गदारोळ, शिपाई शिट्टी फुंकत धावत आला. मी उतरून ढकलायला लागणार, तर काका म्हणाले, “तुझी गाडी वेळेवर असते. जा.” मी बॅग घेऊन पायऱ्या चढलो आणि वळून पाहिलं. काकांनी बॉनेट उघडलं होतं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डसकट सगळं पुढे कलंडतं. गाडीने मोठा आ वासल्यासारखं दिसतं. त्या पिवळ्या जबड्यात काका कमरेपर्यंत शिरले होते, जानवं कानावर. शिपाई काहीतरी ओरडत होता. त्यांनी डोकं न काढता एक हात वर केला आणि त्याला ते एकच वाक्य ऐकवलं. मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण हाताच्या हलण्यावरून कळलं. बंद आहे, मेली नाही.

मग नागपुरात माझा फोन चोरीला गेला, नंबर बदलला. पत्र लिहू म्हणत राहिलो. फाल्गुनात मला काकांच्या घरचा जुना नंबर एका वहीत सापडला आणि मी फोन केला. गौरीने उचलला. काका पौषात गेले होते. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. ती सांगत राहिली.

अकराव्याचे विधी करायला काशीतलं कोणी आलं नाही, प्रयागहून एक गुरुजी बोलावले. पलंग मांडला, छत्री, चपला, भांडी ठेवली. गुरुजींनी विचारलं, रोजच्या वापरात मोटारही होती असं ऐकतो. काकू म्हणाल्या, “बाकी सगळं न्या. किल्ली देणार नाही.” गुरुजी म्हणाले, “माई, मृताची वस्तू घरात ठेवू नये. त्यात बसू नये.”

“आई म्हणाली,” गौरी सांगत होती, “पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या मृताची म्हणून बसले नाही. आता माझ्या मृताची आहे. आता तर बसणारच.”

संक्रांतीनंतर मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. बोलावणं अर्थातच नव्हतं, आता दोन कारणांनी. त्या दुपारी काकूंनी गौरीला गाडी काढायला सांगितली आणि पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या, स्वतः शिवलेल्या. हॉलसमोर आल्यावर म्हणाल्या, थांब. मग म्हणाल्या, हॉर्न वाजव.

“मी म्हटलं, कशाला आई? तर म्हणते, वाजव. आपण आलोय ते कळू दे.”

तीन वेळा हॉर्न वाजला. हॉलच्या दारात बायका जमल्या, कोणी पुढे येईना. शेवटी स्नेहा आली, तिळगुळाची वाटी घेऊन. खिडकीतून हात पुढे केला.

“आई म्हणाली, खिडकीतून नको. आत बसून दे.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. तिने एकदा सासूकडे पाहिलं. मी उतरले, माझी सीट दुमडली. तिने चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि मागे जाऊन बसली. आई म्हणाली, पुलापर्यंत घे. घेतली. परत आलो तर चपला भर रस्त्यात तशाच पडलेल्या. सोच, बनारसमध्ये! आणि शेजारी एक सांड उभा होता, राखण करत असल्यासारखा.”